अमेरिकेतल्या कॉलेज गोल्फची वाट नववीत सुरू होते

प्रति,
महाराष्ट्रातील शाळांचे मुख्याध्यापक, कनिष्ठ महाविद्यालयांचे प्राचार्य आणि गोल्फ क्लबांच्या ज्युनिअर समित्यांचे सदस्य यांस,

स. न. वि. वि.

पुणे, मुंबई, नाशिक इथल्या गोल्फ कोर्सवर वाढलेली काही मुले-मुली दरवर्षी अमेरिकेतल्या कॉलेज संघात जागा मिळावी म्हणून धडपडतात. खेळ कमी पडून जागा हुकली तर त्यावर उपाय एकच, सराव. पण खेळ पुरेसा असतो, कोच घ्यायला तयार असतो आणि तरीही प्रकरण अडते, तेव्हा कारण बहुधा कागदात सापडते. नववीचे गुणपत्रक मिळत नाही, अकरावीच्या दाखल्यावर भलतेच काही लिहिलेले असते, स्पर्धेचा स्कोअर कुठल्या टीवरून (होलचा पहिला फटका मारण्याच्या जागेवरून) झाला हे कोणालाच सांगता येत नाही. हे कागद मुलांच्या हातात नसतात, ते तुमच्या कार्यालयांत असतात. म्हणून हे पत्र पालकांना न लिहिता तुम्हाला लिहीत आहोत.

आधी थोडी ओळख करून देतो, कारण शाळांच्या कार्यालयांत हा विषय नवा असतो. अमेरिकेत कॉलेजांचे सामने मुख्यतः एनसीएए या संस्थेच्या छत्राखाली होतात. तिच्यात डिव्हिजन वन, टू आणि थ्री असे तीन स्तर आहेत. याशिवाय लहान कॉलेजांची एनएआयए आणि दोन वर्षांच्या कॉलेजांची एनजेसीएए अशा वेगळ्या संस्था आहेत. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही, बाकी बहुतेक ठिकाणी देता येते. परदेशी खेळाडू या व्यवस्थेत नवखे नाहीत. स्वीडनची अ‍ॅनिका सोरेनस्टाम १९९१ मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठाकडून आणि इंग्लंडचा ल्यूक डोनाल्ड १९९९ मध्ये नॉर्थवेस्टर्नकडून राष्ट्रीय विजेते झाले. आपला जीव मिल्खा सिंग १९९३ मध्ये अ‍ॅबिलिन ख्रिश्चन विद्यापीठाकडून डिव्हिजन टूचा वैयक्तिक विजेता होता. डिव्हिजन वन सोडून बाकी सगळे दुय्यम, असे समजणाऱ्या क्लब सदस्यांनी हे नाव ध्यानात ठेवावे.

आता मुख्य मुद्दा. एनसीएएचे पात्रता केंद्र विद्यार्थ्याचा नववी ते बारावी असा चार वर्षांचा अभ्यास तपासते. डिव्हिजन वनसाठी त्यात १६ मूलभूत विषय-वर्षे (एक विषय एक वर्ष शिकला की एक) भरावी लागतात: इंग्रजीची ४, गणिताची ३, विज्ञानाची २, सामाजिक शास्त्रांची २, इंग्रजी-गणित-विज्ञान यांपैकी आणखी १ आणि मान्य विषयांतली उरलेली ४. या १६ पैकी १० शेवटच्या शालेय वर्षाआधी पुरी व्हावी लागतात आणि त्या दहातली ७ इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाची असावी लागतात. या मूलभूत विषयांची सरासरी, म्हणजे जीपीए, ४ पैकी किमान २.३ लागते, डिव्हिजन टूसाठी २.२. एसएटीची अट एनसीएएने २०२३ मध्ये काढून टाकली, पण विद्यापीठ स्वतःच्या प्रवेशासाठी ती मागू शकते, त्यामुळे त्या परीक्षेला सरसकट रजा देऊ नये.

आपल्याकडे दहावी आणि बारावीचे बोर्डाचे गुणपत्रक लोक जपून ठेवतात. नववी आणि अकरावीचे मात्र शाळेच्या रजिस्टरमध्ये एक ओळ होऊन पडते, आणि तीही काही वर्षांनी सापडत नाही. मुलगा नववीत एका शाळेत, दहावीत दुसऱ्या शाळेत असेल तर आणखी घोळ. आमची पहिली विनंती अशी की स्पर्धात्मक खेळ खेळणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला नववीचा निकाल लागताच विषयवार, पूर्ण गुणांसह, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह गुणपत्रक द्या आणि त्याची स्थळप्रत जपून ठेवा. मूळ कागद मराठीत असेल तर तो तसाच द्या, सोबत प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. टक्केवारीचे जीपीए तुम्ही करून देऊ नका. पात्रता केंद्राकडे प्रत्येक देशासाठी आपली कोष्टके असतात, आणि शाळेने अंदाजाने लिहिलेला ३.७ सारखा आकडा मूळ गुणांशी जुळला नाही की साऱ्या कागदांकडेच संशयाने पाहिले जाते.

विषय निवडताना वाणिज्य शाखेच्या मुलांचा विशेष विचार व्हावा. पुस्तपालन, चिटणिसाची कार्यपद्धती, वाणिज्य संघटन हे विषय मूलभूत विषयांत धरले जाण्याची आशा ठेवू नये. अर्थशास्त्र सामाजिक शास्त्रात बसते. अकरावीला गणित सोडलेल्या मुलासमोर गणिताचे तिसरे वर्ष कुठून आणायचे हा प्रश्न उभा राहतो. सरावाला वेळ मिळावा म्हणून सोपे विषय घेण्याचा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. या मुलांच्या बाबतीत तो सल्ला घातक आहे. खेळासाठी मुक्त विद्यालयात नाव घालायचे असेल तरी पात्रता केंद्राची भारतासाठीची नियमावली आधी वाचावी, नाव घातल्यावर नाही.

कनिष्ठ महाविद्यालयांच्या प्राचार्यांसाठी एक वेगळा परिच्छेद लिहिणे भाग आहे. महाराष्ट्रात अकरावी-बारावी ‘ज्युनिअर कॉलेज’मध्ये होते आणि दाखल्यावर ‘कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालय’ असे छापलेले असते. अमेरिकेत ज्युनिअर कॉलेज म्हणजे बारावीनंतरचे दोन वर्षांचे कॉलेज. तिथला कारकून हा दाखला पाहून विद्यार्थी आधीच कॉलेजात शिकून आला आहे असे समजू शकतो, आणि मग अर्ज बदलीच्या खेळाडूंच्या गठ्ठ्यात जाऊन पडतो. यावर उपाय चार ओळींचा आहे. दाखल्यासोबत एक पत्र द्या: अकरावी आणि बारावी ही आमच्या राज्यात उच्च माध्यमिक शिक्षणाची इयत्ता आहे, ती राज्य मंडळाच्या परीक्षेने पूर्ण होते, या विद्यार्थ्याने पदवी अभ्यासक्रमात प्रवेश घेतलेला नाही, आणि बारावी पूर्ण होण्याची अपेक्षित तारीख अमुक आहे. या पत्रावर प्राचार्यांची सही आणि संस्थेचा अधिकृत ई-मेल पत्ता असावा. खासगी जीमेलवरून पाठवलेला खुलासा तिकडे ग्राह्य धरला जाईलच असे नाही.

या पत्रातले पदवीला प्रवेश न घेतल्याचे वाक्य फार मोलाचे आहे. बारावीनंतर ‘वर्ष वाया जाऊ नये’ म्हणून एफवायला नाव घालून ठेवणे ही आपल्याकडची रीतच आहे. डिव्हिजन वनमध्ये खेळण्याची मुदत पाच वर्षांची असते आणि पूर्णवेळ कॉलेजात, जगातल्या कुठल्याही कॉलेजात, नाव दाखल होऊन वर्गात जाणे सुरू झाले की ती सुरू होते. पुण्यात एफवाय बीकॉमच्या वर्गात मूल एकदाही बसले नसले तरी पूर्णवेळ नोंदणी आणि हजेरीपटावरचे नाव यांचा हिशेब द्यावा लागतो. डिव्हिजन टूमध्ये पूर्णवेळ शिकलेली १० सत्रे मोजली जातात, तिथेही ते सत्र खर्ची पडते. उलट बाजूने, कुठेच नाव न घालता नुसते स्पर्धा खेळत बसणेही महाग पडते. गोल्फमध्ये शाळा संपण्याच्या अपेक्षित तारखेनंतर साधारण एक वर्षाची सवलत मिळत आली आहे. त्यापुढे आयोजित स्पर्धा खेळल्या तर खेळण्याचे एक वर्ष जाऊ शकते. मुदतीच्या या नियमांवर अमेरिकेत सध्या वाद आणि खटले चालू आहेत, म्हणून प्रवेशाच्या वर्षाचा नियम त्याच वर्षी तपासावा. तरीही आमचा सल्ला ठाम आहे: बारावीनंतरच्या ऑगस्टमध्येच जायचे असे धरून चालावे.

कोचशी बोलण्याचे वेळापत्रकही शाळेच्या वर्षाशी बांधलेले आहे. डिव्हिजन वनचा कोच दहावीच्या वर्षानंतरच्या १५ जूनपूर्वी खेळाडूशी भरतीबद्दल बोलू शकत नाही, ई-मेलला तसे उत्तरही देऊ शकत नाही. उत्तर आले नाही म्हणून नववीतली मुले निराश होतात, तेव्हा त्यांना हा नियम सांगावा. खेळाडूने लिहायला मात्र कधीच बंदी नाही. पत्रात इयत्तेऐवजी बारावी होण्याचे वर्ष लिहावे, विषयाच्या ओळीतच. पुढे पाच-सहा ओळींत गुण, मागील बारा महिन्यांतले स्पर्धांचे स्कोअर, येत्या स्पर्धांच्या तारखा आणि व्हिडिओचा दुवा. व्हिडिओ दोन-तीन मिनिटांचा पुरतो: समोरून आणि लक्ष्यरेषेमागून घेतलेले ड्रायव्हर, मधले आयर्न आणि वेज, थोडे चिपिंग, थोडे पटिंग. संगीत नको, संथ गतीही नको. पत्र मुलाने स्वतः लिहावे. वडिलांनी लिहिलेले पत्र कोच लगेच ओळखतो.

इथून पुढचे क्लबांच्या समित्यांसाठी.

कोचला हँडिकॅपमध्ये (खेळाडूला मिळणाऱ्या फटक्यांच्या सवलतीत) फारसा रस नसतो, त्याला स्पर्धेतले स्कोअर हवे असतात. पण ‘७४’ या आकड्याला एकट्याने अर्थ नसतो. कोर्स रेटिंग (त्या टीवरून अव्वल खेळाडूचा अपेक्षित स्कोअर) ७०.५ असेल तर ७४ म्हणजे साडेतीन फटके वर, रेटिंग ७४ असेल तर तोच स्कोअर बरोबर अपेक्षेइतका. आपल्या ज्युनिअर स्पर्धांच्या निकालपत्रकात बहुतेक वेळा फक्त नाव आणि एकूण फटके असतात. त्यात टीचा रंग, त्या दिवशीचे यार्ड, पार, कोर्स रेटिंग, स्लोप (सामान्य खेळाडूला कोर्स किती अवघड जातो याचा आकडा), किती जण खेळले आणि किती फेऱ्या झाल्या एवढे छापायला काहीच खर्च येत नाही. निकाल क्लबच्या संकेतस्थळावर वर्षानुवर्षे राहू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेला फोटो कोचला पुरावा म्हणून दाखवता येत नाही. भारतीय गोल्फ युनियनच्या स्पर्धा आणि जागतिक हौशी क्रमवारीत धरल्या जाणाऱ्या स्पर्धा यांना कोच अधिक वजन देतात, हे खरे. म्हणून त्या स्पर्धांना जाणाऱ्या मुलांची निवड चाचणी शाळेच्या परीक्षेच्या आठवड्यात ठेवू नका, आणि शाळांनी त्या दिवसांची हजेरी अडवू नये.

अंतराचा प्रश्न खरा आहे. अमेरिकेत मुलांचे कॉलेज सामने साधारण ६,९०० ते ७,३०० यार्डांवर आणि मुलींचे ६,००० ते ६,४०० यार्डांवर होतात. शहरातल्या जुन्या, आखूड कोर्सवर मुलगा प्रत्येक पार-४ वर दुसरा फटका वेजने (आखूड अंतराच्या क्लबने) मारत वाढतो आणि तिथे गेल्यावर त्याच्या हातात लांब अंतराचे ५ किंवा ६ आयर्न येते. सदस्यांची गर्दी नसलेल्या दुपारी ज्युनिअर मुलांना मागच्या टीवरून खेळू द्या. आठवड्यातून एक दुपारसुद्धा पुष्कळ आहे.

आणि कॅडी. आपल्याकडची पद्धत अशी की मुलगा टीवर पोचतो, कॅडी अंतर सांगतो, क्लब हातात देतो, ग्रीनवर बसून रेषा दाखवतो, चेंडू पुसून ठेवतो. मुलगा फटका मारतो. यात कॅडींचा दोष काहीच नाही. आपल्याकडचे अनेक कॅडी कोर्स तळहातासारखा ओळखतात आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखे खूप असते. पण कॉलेज सामन्यात कॅडी नसतो. बॅग स्वतः खांद्यावर घ्यायची किंवा पुशकार्टने ढकलायची. कोच काही होलवर सोबत येतो, सल्लाही देऊ शकतो, पण त्याच्याकडे पाच खेळाडू असतात. सामना बहुधा ५४ होलचा: पहिल्या दिवशी ३६, दुसऱ्या दिवशी १८. पहिला दिवस दहा तासांचा होतो. आपल्या मुलांचे स्कोअर दुसऱ्या फेरीच्या शेवटच्या सहा होलवर कोसळतात ते स्विंग बिघडल्यामुळे कमी, आणि पाय थकल्यामुळे, वेळेवर न खाल्ल्यामुळे, ग्रीन वाचायची सवय नसल्यामुळे जास्त. समित्यांनी वर्षातून निदान दोन ज्युनिअर स्पर्धा अशा घ्याव्यात: कॅडी नाही, बॅग स्वतःची, एका दिवसात ३६ होल, यार्डेज बुक (होलच्या अंतरांची वही) स्वतः भरलेले. पावसाळा संपल्यावरचा नोव्हेंबर आणि जानेवारी त्यासाठी बरा. कॅडीचे त्या दिवसाचे मानधन बुडू नये याची सोय क्लबने करावी, त्यांना फोर-कॅडी (पुढे उभे राहून चेंडू कुठे पडला ते पाहणारे) म्हणून उभे करता येते.

रोख बक्षिसांबाबत कृपया सावध राहा. २०२२ पासून हौशी दर्जाच्या नियमांत ग्रॉस स्कोअरच्या (हँडिकॅप वजा न करता मोजलेल्या फटक्यांच्या) स्पर्धेत मर्यादित रोख बक्षीस चालते, मर्यादा ७०० पौंड किंवा १,००० डॉलर. पण एनसीएएचा हिशेब वेगळा आहे, तिथे स्पर्धेला झालेला प्रत्यक्ष खर्च हा निकष लावला जात आला आहे. क्लब चॅम्पियनशिपला उत्साहाने दिलेले पाकीट तीन वर्षांनी पात्रता केंद्राच्या प्रश्नावलीत लिहावे लागते. ज्युनिअरला चषक द्या, गोल्फचे सामान द्या, रोख नको. दिलेच असेल तर प्रवेश फी, प्रवास, राहणे यांच्या पावत्या मुलाला जपायला सांगा. शिष्यवृत्ती मिळाल्यास तिच्या टक्केवारीवर फी घेणारे मध्यस्थ क्लबहाऊसमध्ये येत असतील तर त्यांना दारातूनच परत पाठवा. तशी फी घेणारा एनसीएएच्या नजरेत एजंट ठरतो आणि भोगावे खेळाडूला लागते.

पैशाविषयी पालकांच्या मनात जो गैरसमज आहे तो तुम्हीच दूर करू शकता. ‘गोल्फवर अमेरिकेत फुकट शिक्षण’ असे होर्डिंगवर वाचायला मिळते. २०२५ पर्यंत डिव्हिजन वनच्या मुलांच्या पूर्ण संघाला मिळून साडेचार शिष्यवृत्त्या होत्या, मुलींच्या संघाला सहा, आणि त्या आठ-दहा जणांत वाटल्या जात. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर, त्यात सामील झालेल्या विद्यापीठांना शिष्यवृत्तीची मर्यादा राहिली नाही, पण संघात जास्तीत जास्त ९ जण ही मर्यादा आली. नऊच्या नऊ जणांना पूर्ण शिष्यवृत्ती देता येते, याचा अर्थ दिली जाते असा नाही. त्या विद्यापीठांचा मोठा पैसा अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जातो. उलट जागा घटल्याने कोच अठरा वर्षांच्या नवख्याऐवजी दुसऱ्या कॉलेजातून बदलून येणारा अनुभवी खेळाडू पसंत करू लागले आहेत. नऊ जणांतले पाच सामन्याला जातात, पाचांपैकी चांगले चार स्कोअर धरले जातात, उरलेले चार जण घरी राहतात. कोण जाणार हे संघातल्या चाचणी फेऱ्यांवर ठरते. मोठ्या नावाच्या विद्यापीठात नववा असण्यापेक्षा डिव्हिजन टू किंवा एनएआयएच्या कॉलेजात तिसरा असणे आम्हाला शतपट बरे वाटते, कारण खेळाडू सामन्यात घडतो.

आकड्यांत सांगायचे तर, समजा वर्षाचा एकूण खर्च ५५,००० डॉलर आहे आणि गोल्फची ४० टक्के मदत मिळाली. २२,००० सुटले, ३३,००० उरले. आय-२० हा प्रवेशाचा कागद हवा असेल तर ते ३३,००० पहिल्या वर्षासाठी बँकेत किंवा मंजूर कर्जात दाखवावे लागतात. गुणांवर मिळणारी मदत यात फार उपयोगी पडते, आणि ती पुन्हा नववीपासूनच्या गुणांवरच येते. मुलींच्या पालकांना आवर्जून सांगा की त्यांच्यासाठी वाट थोडी रुंद आहे. १९७२ च्या टायटल नाईन कायद्यामुळे कॉलेजांना मुलींच्या खेळांकडे दुर्लक्ष करता येत नाही, आणि चांगल्या ज्युनिअर मुलींची संख्या मुलांपेक्षा कमी आहे.

व्हिसाचे टप्पे बाकी विद्यार्थ्यांसारखेच: आय-२०, ३५० डॉलरची सेव्हिस (परदेशी विद्यार्थी नोंदणीची) फी, डीएस-१६० अर्ज, मुंबईच्या वाणिज्य दूतावासात मुलाखत. उन्हाळ्यात तारखा लवकर भरतात, त्यामुळे बारावीचे गुणपत्रक आणि दाखला द्यायला शाळेने जुलै उजाडू देऊ नये.

तिथे पोचल्यावर काय चुकते तेही शिक्षकांना ठाऊक असावे, म्हणजे निघण्यापूर्वी सांगता येईल. हंगामात सरावाला आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे, पण सामन्याचा पूर्ण दिवस त्यात फक्त ३ तास म्हणून धरला जातो. सामने बहुधा सोमवार-मंगळवारी, सरावफेरी रविवारी. सोमवारची प्रयोगशाळा असलेला विषय घेतला तर शरद ऋतूतले तीन-चार सोमवार बुडतात. अमेरिकन सहकारी अशा वेळी ऑनलाइन वर्ग घेतात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाला ती पळवाट नाही: पूर्णवेळेच्या १२ क्रेडिटमध्ये सत्राला एकच ऑनलाइन विषय, फार तर ३ क्रेडिट, मोजता येतो. १२ च्या खाली घसरले तर खेळण्याची पात्रता आणि व्हिसा दोन्ही एकाच दिवशी धोक्यात. परवानगीशिवाय विषय सोडायचा नाही, कोचने सांगितले तरी. जाहिरातीतून कमाई करणारे सहकारी दिसतील, पण कॅम्पसबाहेर काम करण्याची मुभा या व्हिसावर सहसा नसते. म्हणून कुठल्याही करारावर सही करण्याआधी परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात विचारावे.

पूर्ण शिष्यवृत्ती मिळालेल्या भाग्यवान मुलांना कराचा धक्का बसतो. शिकवणी फी करमुक्त असते, राहण्या-जेवण्याची मदत नसते. ती वर्षाला १५,००० डॉलर असेल तर १४ टक्क्यांनी २,१०० डॉलर विद्यापीठ कापून घेते किंवा मुलाच्या खात्यावर येणे म्हणून दाखवते. भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्याला प्रमाणित वजावट घेता येते आणि यातली बरीच रक्कम परत मिळू शकते, पण वेळेत विवरणपत्र भरले तरच.

शाळांकडून आम्हाला एक नाव हवे आहे. प्रत्येक शाळेने आणि कनिष्ठ महाविद्यालयाने खेळाडूंच्या कागदपत्रांसाठी एक शिक्षक किंवा लिपिक नेमावा, त्याचा अधिकृत ई-मेल पत्ता सूचनाफलकावर लावावा आणि परदेशातून आलेल्या चौकशीला आठवडाभरात उत्तर जाईल असे पाहावे. क्लबांनी येत्या हंगामाच्या पहिल्या ज्युनिअर स्पर्धेपासून निकालपत्रकात टी, यार्ड, रेटिंग आणि स्लोप छापायला सुरुवात करावी. यंदा नववीत असलेल्या मुलांसाठी हे आत्ताच करणे आवश्यक आहे, कारण त्यांची तपासली जाणारी चार वर्षे सुरू झालेली आहेत.

कळावे.

आपले,
ज्युनिअर गोल्फपटूंना शिकवणारे आणि त्यांच्या परदेशी प्रवेशाचे काम पाहणारे काही जण